मडमेची रोजनिशी, बाईसाहेबांचं स्टेटस

कुळ-मूळ विचारल्याशिवाय आपल्याकडे पाहुण्यापुढे चहा येत नाही. तेव्हा आधी लेडी फॉकलंड यांचं कुळ सांगून टाकू. वडील पुढे इंग्लंडचे राजे झालेले चौथे विल्यम, आई रंगभूमीवरची नटी. दोघांचं लग्न तेवढं राहून गेलं होतं. बाई खान्देशात जन्मल्या असत्या तर एकही स्थळ सांगून आलं नसतं. तिकडे थेट लॉर्ड मिळाला, तोही 1848 ते 1853 मुंबईचा गव्हर्नर. बाईंनी इथं रोजनिशी लिहिली. ती 'चाऊ-चाऊ' या नावानं छापून आली 1857 साली. मुहूर्त पाहा!

याच लॉर्डसाहेबांच्या अमदानीत, 1852 च्या अखेरीस, खान्देशातल्या सावदा, रावेर, चोपड्याचे शेतकरी जमीनमोजणीविरुद्ध उठले. सारा वाढेल ही धास्ती. सरकारदप्तरी त्याचा 'दंगा' झाला. नोंद करायला टेबल लागतं, टाक लागतो, पंखा ओढायला पोऱ्या लागतो. शेतकऱ्याकडे होती फक्त तक्रार.

गोरे गेले, रोजनिशी राहिली. आता ती मोबाईलवर चालते. जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही बंगल्यात डोकावा. 'आज घरी भरीत पार्टी! स्वतःच्या हातचं!' असं स्टेटस झळकत असतं. वांगी भाजून, सोलून, बडगीत कुटणारे हात फोटोच्या चौकटीबाहेर. त्या हातांचा चहाचा कप वेगळा, कान तुटलेला, मागच्या खिडकीत पालथा.

परवा अशाच एका बंगल्यात नातू आजोबांना बोलीत म्हणाला, "काय करी ऱ्हायना?" बाईसाहेबांनी घर डोक्यावर घेतलं. "ही कामवालीची भाषा कुठून उचललीस?" संध्याकाळी त्याच बाईसाहेब पैठणी नेसून कवयित्री बहिणाबाईंच्या पुण्यतिथीला अध्यक्षस्थानी. बोलीचा गोडवा सांगताना डोळ्यांना पदर.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नाहीत. शेतात, जात्यावर सुचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून वाचली. पुस्तक निघालं ते त्या गेल्यानंतर, 1952 साली. आता विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण त्या आज धुणंभांडी मागायला आल्या, तर बाईसाहेब पहिला प्रश्न विचारतील, "कुठल्या समाजाच्या?"

तेव्हा बाईसाहेब, रोजनिशी जरूर लिहा. फक्त पहिल्या पानावर तुमची भांडी घासणाऱ्या बाईचं पूर्ण नाव लिहा. ठाऊक नसेल, तर आधी तिला विचारा.