थिन की लीन?

नाना तुमच्याही सोसायटीत असणारच. बँकेतून निवृत्त, इस्त्रीचा शर्ट, पिशवीत कोथिंबिरीखाली डिक्शनरी. तुम्ही "हल्ली जरा थिन झालोय" म्हणायचा अवकाश, नाना लिफ्टचं दार पायानं अडवून विचारणार, "थिन की लीन?"

थिन म्हणजे नुसता बारीक. त्यात कौतुक नाही की कीव नाही. स्लिम म्हणजे बारीक, पण शोभणारा. स्लेंडर त्याहून डौलदार. लीन म्हणजे चरबी नाही, अंगात रग मात्र आहे. लँकी म्हणजे नुसता उंचच उंच, हातपाय कुठे ठेवावेत ते न कळणारा. गॉन्ट म्हणजे आजारानं किंवा काळजीनं गालफडं बसलेला. एवढं होईपर्यंत वरच्या मजल्यावरचे लोक लिफ्टच्या नावानं शंख करत असतात.

शेजारच्या मुलीच्या बायोडेटात 'स्किनी' लिहिलं होतं. का, तर स्लिम सगळेच लिहितात! नानांनी कपाळावर हात मारला. "अहो, हे स्थळासाठी आहे की डॉक्टरसाठी?" त्यांनी स्लेंडर केलं, लग्न जमलं. सगळं श्रेय अर्थात नानांचं. मांडवात त्यांनी मुलाच्या वडिलांना खास दाद दिली, "आपण अगदी लीन आहात." ते गृहस्थ हात जोडून म्हणाले, "सगळी माउलींची कृपा."

नानांचं दैवत म्हणजे पीटर मार्क रोजे, पेशानं डॉक्टर. शब्द अकारविल्हे न लावता अर्थाप्रमाणे लावलेला त्याचा थिसॉरस १८५२ साली निघाला, तेव्हा गृहस्थ ७३ वर्षांचा होता. "मी अजून अडुसष्टचाच आहे," असं नाना आम्हाला अधूनमधून बजावतात.

मध्ये नानांच्या सौ., माई, आजारी पडल्या. हॉस्पिटलच्या कागदावर 'एमॅसिएटेड' असं लिहिलेलं होतं. आजारानं पार झिजलेल्या माणसाला हा शब्द लावतात. मी तो मोठ्यानं वाचला. नानांनी कागद हातातून काढून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "थिन. थिन झालीय थोडी." छटाबिटा काही नाही. त्या दिवशी माणूस आवडला, नाइलाजानं का होईना.

माई आता छान भरल्यात, त्यामुळे नानांनी दुसरं टोक धरलंय: प्लम्प, चबी, स्टाउट, पोर्टली. तुमचं वजन जास्त असेल तर तूर्त आमच्याकडे फिरकू नका. इंग्रजीत अर्ज लिहून हवा असेल तर मात्र खुशाल या. पैसे घेत नाहीत.