टांगत्या कप्प्यांची शास्त्रशुद्ध निर्मिती

१८२८ साली फ्रान्समधल्या म्युलूझ गावी जोशुआ हाइलमानने भरतकामाचे यंत्र बनवले. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीने त्याला शिलाई मशीनसारखे शटल दिले. पुढे संगणक आला, आणि आता मिनिटाला सहाशेच्या वर टाके घालणारे मशीन आपल्या जेवणाच्या टेबलावर बसले आहे. या वाटचालीचे पुढचे स्वाभाविक पाऊल म्हणजे विजेचे बिल ठेवायला दारामागे भरतकाम केलेला खिसा. प्रस्तुत मार्गदर्शन त्याविषयी आहे.

टांगते कप्पे करायचे ते वस्तू सापडत नाहीत म्हणून, हा गैरसमज आधी काढून टाका. ते करायचे मशीनसाठी. एवढे महागाचे मशीन घेऊन दोन नॅपकिन आणि भाचीच्या बाळाचे एक झबले यापलीकडे काही झालेले नसते, आणि घरातले लोक आता मोठ्याने हिशेब करू लागलेले असतात. अशा वेळी आल्यागेल्याला दिसेल असे काहीतरी भिंतीवर लागणे गरजेचे असते. काम चालू असताना ‘असले बाजारात तयार मिळतात’ असे कोणी म्हणालेच, तर मशीनचा वेग वाढवा. आवाजात ऐकू येत नाही.

कपाटात काय काय आहे याची यादी करत बसू नका. रिंग मोजा. घरगुती मशीनसोबत सहसा १०० बाय १०० किंवा १३० बाय १८० मिलिमीटरची रिंग येते आणि तुमच्या संसाराचे माप यापुढे तेच. पासपोर्ट ८८ बाय १२५; मोठ्या रिंगेतल्या खिशात आरामात बसतो. ए-फोर कागदाच्या दोन घड्या घातल्या की तो १०५ बाय १४८ होतो, म्हणजे तोही बसला. लहान रिंगेत मात्र हाच कागद पाच मिलिमीटरने अडतो, शिलाईची जागा वेगळीच. तिथे तिसरी घडी घालावी. बिल भरलेले असेल तर चौथी. इतके करूनही जी वस्तू बसत नाही, ती घरात असायलाच हवी का, याचा विचार कुटुंबाने शांतपणे करावा.

मागच्या बाजूला कॅनव्हास किंवा जुन्या जीन्सचे कापड, खिशांना सुती पॉपलिन. सुती कापड आधी धुवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात खिसे आक्रसतील आणि मागचे कापड त्यांच्यासोबत गोळा होईल. खण दिसतो झकास, पण त्याच्या कडा उसवतात. मोह आवरत नसेल तर मागून फ्यूजिंग चिकटवा. सुई खिशांना ७५/११, कॅनव्हासला ९०/१४.

रिंगेत आधी फक्त पेपर, म्हणजे कापडाला आधार देणारा आणि नंतर फाडून काढायचा स्टॅबिलायझर, ताणून बसवायचा. मशीन त्यावर एक नुसती चौकट शिवते. त्या चौकटीवर कापड ठेवले की दुसरी फेरी ते पक्के करते आणि मग भरतकाम सुरू होते. प्रत्येक पायरीला मशीन थांबून नवा रंग मागेल. आधी लाल, मग हिरवा, मग जांभळा. देऊ नका. डिझाइन करणाऱ्याने हे रंग केवळ मशीन थांबावे म्हणून घातलेले असतात, कारण रंग बदलायचा असला तरच ते थांबते. तुम्ही पांढराच दोरा ठेवून पुढचे बटण दाबा. मशीनला काही कळत नाही.

आता या मार्गदर्शनातले सर्वांत गंभीर वाक्य : नाव आधी खिशाच्या सुट्या कापडावर भरा, मग ते दुमडून मागच्या कापडावर ठेवा आणि तीनच बाजू शिवा. क्रम उलटा झाला तर अत्यंत रेखीव अक्षरांत ‘चाव्या’ लिहिलेला आणि त्याच अक्षरांनी मागच्या कापडाला कायमचा शिवलेला खिसा तयार होतो. चाव्या आत ठेवून हा प्रयोग करणारे विरळा. खिशाचे कापड मापापेक्षा बोटभर मोठे कापा, कारण दाट भरतकाम कापड ओढून घेते. जास्तीचे नंतर छाटता येते. तळाशी दोन चुण्या घातल्या तर खिशात चष्म्याचे घरही मावेल.

खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला तर बॉबिनला बोल लावू नका. सरकारी कचेरीसारखेच इथेही गोंधळ खाली दिसतो आणि कारण वर असते. वरचा दोरा ओवताना दाबपट्टी खाली राहिली की ताणाच्या चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही. दाबपट्टी वर उचला, दोरा काढून पुन्हा ओवा. बारा हजार टाक्यांचे डिझाइन मिनिटाला सहाशेच्या वेगाने वीस मिनिटांत होते, असा हिशेब कुटुंबाला मुळीच सांगू नका. ते घड्याळ लावून बसतात, आणि बॉबिन नेमकी शेवटच्या काना-मात्रेला संपते.

खिशांवरच्या नावांचा प्रश्न नाजूक आहे. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये रोमन अक्षरे तयार असतात, देवनागरी बाहेरून करून आणावी लागते. अक्षरे लहान ठेवली की जोडाक्षराचा गोळा होतो आणि अनुस्वार पेपरसोबत निघून जातो. म्हणून अक्षर चांगले बोटभर उंच घ्या. आजीच्या चंचीत पान, सुपारी, चुना, कात यांचे कप्पे वेगवेगळे असत आणि एकावरही नाव नसे. अंधारातसुद्धा बोटे बरोबर कातावर जात. पण चंचीची मालकीण एकटी आजी होती. भिंतीवरच्या कप्प्यांना मालक घरात जितकी माणसे तितके, शिवाय अधूनमधून येणारे मामा. ‘औषधे’ लिहिलेल्या खिशात मोबाइलचा चार्जर सापडणार हे गृहीत धरूनच अक्षरांचा रंग निवडा.

सगळे खिसे जोडून झाले की वर नेफा शिवा आणि त्यात पडद्याची दांडी घाला. तळालाही एक बारीक पट्टी सरकवा, नाहीतर भरलेल्या खिशांनी कापड मध्येच वाकते. खिळा दाराच्या आत सोयीच्या उंचीवर हवा. तिथे आधीच कालनिर्णय असते. ते हलवण्याचा विचार मनात आणू नका. दूधवाल्याचा हिशेब, गॅसची तारीख आणि संकष्टी त्याच्यावर अवलंबून आहे. कप्पे शेजारी लावा आणि ड्रिल वापरण्याआधी सासूबाईंना विचारा.

शेवटच्या ओळीतला उजवीकडचा खिसा बिननावाचा ठेवा. रबरबँड, संपलेले सेल, कशाचे ते न कळणारे स्क्रू, मुदत संपलेली कुपने आणि ज्याची शोधाशोध तीन दिवस चालली ते बिल, सगळे तिथेच जमणार आहे. त्याला पॉपलिन पुरणार नाही. तो कॅनव्हासचाच करा आणि तळाला दुहेरी शिलाई मारा.