निःपक्षपात, तोही घरपोच

अभ्याससंस्था निःपक्षपाती हवी, तिचा अहवाल फुकट हवा आणि तिला उद्योगपतीने पैसे दिले की ‘विकली गेली’ अशी बोंबही आपणच मारायची! १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा सभासद व्हायला किमान पन्नास जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. त्या सह्यांच्या जोरावर सभेने पुढे दुष्काळाची गावोगावची माहिती जमवून इंग्रज सरकारपुढे मांडली. आजच्या अभ्याससंस्थेलाही असाच अनेकांचा आधार हवा, थोड्याथोड्या वर्गणीचा. कोणी म्हणेल, आमच्या शंभर रुपयांनी काय होणार? लग्नाच्या आहेराचे पाकीट भरताना हा प्रश्न बरा पडत नाही! पैसे नसतील तर निदान अहवाल उघडा. आकडा चुकलेला दिसला तर पत्र लिहून कळवा. न वाचता पुढे ढकलणे म्हणजे चर्चा नव्हे. आणि वर्गणी थकली असेल, तर ती आधी भरा.