सुटलेल्या झेलाचं कुळ

रबाळे एमआयडीसीत पाळी सुटली की टपरीवर निवड समिती बसते. चहावाला जौनपूरचा, वेल्डर ओडिशाचा, फिटर साताऱ्याचा; क्रिकेटवर मात्र पटकन एकमत.

आपल्यातल्या कुणाच्या हातून झेल सुटला, तर दोष घामाचा, दवाचा, फार तर दिव्यांचा. ४ सप्टेंबर २०२२ला दुबईत अर्शदीप सिंगकडून पाकिस्तानच्या आसिफ अलीचा झेल सुटला आणि दोष थेट पगडीचा निघाला! रातोरात तो ‘खलिस्तानी’. आदल्या वर्षी पाकिस्ताननं आपल्याला दहा गडी राखून हरवलं, तेव्हा बळी आपल्या एकाही गोलंदाजाला मिळाला नव्हता. ‘गद्दार’ तेवढा एकटा मोहम्मद शमी. पाहुण्यांशीही दुजाभाव नाही: २००७ साली वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्ससमोर माकडचेष्टा करून आम्ही आपलीच उत्क्रांती सिद्ध केली.

२०२४च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात अर्शदीपनं १७ बळी घेतले. तेव्हा पगडी कुणाला दिसलीच नाही. तो नुसता ‘आपला पोरगा’.

चहा संपला. दोन रुपये सुट्टे नव्हते, एवढ्यावरून फिटरनं चहावाल्याचा अख्खा प्रांत काढला. चहावाल्यानं साताऱ्यापासून सुरुवात केली. समिती बरखास्त.