छत्तीसपैकी छत्तीस

यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पूर्वी वर्डमध्ये बाहेरचा पत्ता चिकटवला की तो आपसूक निळा व्हायचा आणि आपण चहाला मोकळे. मग आमच्याकडे डिटा, म्हणजे माहितीपुस्तिका एक्सएमएलमध्ये लिहायची पद्धत, आली, त्यासोबत एक्सएमएल एडिटर आला, आणि साधी लिंक देणं म्हणजे स्थळ जमवणं झालं.

आधी बैठकीची जागा. शीर्षकात लिंक चालत नाही, परिच्छेदात चालते. तिथे ‘एक्सरेफ’ घालायचा, ‘एचरेफ’मध्ये पत्ता लिहायचा, ‘फॉरमॅट’मध्ये एचटीएमएल. मग ‘स्कोप’: लोकल, पिअर की एक्स्टर्नल? म्हणजे घरचा, भाऊबंदांतला की परका? काहीच सांगितलं नाही तर पाहुणा घरचाच धरायचा, असा रिवाज. मग अख्ख्या जगाला ठाऊक असलेलं संकेतस्थळ माझ्याच फोल्डरात शोधलं जातं आणि ‘फाइल सापडत नाही’ म्हणून माझ्याच नावानं बोंब होते.

त्यातून पत्त्यात ‘&’ असला तर मंगळच. टेक्स्ट मोडमध्ये तो तसाच चिकटवला की एडिटर लालबुंद होतो. ‘&’ दिसला की इथून एंटिटी सुरू झाली, असं एक्सएमएल समजतं आणि पुढचा अर्धविराम मागत बसतं. शांत करायची तर त्या एका चिन्हापुढे ए, एम, पी आणि अर्धविराम वाहायचे.

एवढं झालं की कोपऱ्यातला चौकोन हिरवा होतो. डॉक्युमेंट व्हॅलिड! गुण छत्तीसपैकी छत्तीस. नवरामुलगा हयात आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. त्याची चौकशी वेगळी लावावी लागते. ती वेळ खाते, आणि रिलीज तर उद्यावर आलेली असते.

एक्सएमएल १.० ही वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झाली फेब्रुवारी १९९८ मध्ये. त्याच वर्षी वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी लेख लिहून बजावलं की बाबांनो, एकदा दिलेले पत्ते बदलू नका. शिफारस जगानं पाळली, कारण ती न पाळणाऱ्यावर यंत्र ओरडतं. लेख नुसताच वाचला.

डिटावाल्यांनी २०१० मध्ये आवृत्ती १.२ आणून थोडी दया दाखवली. पत्ता मॅपमध्ये, म्हणजे पुस्तिकेच्या आराखड्यात, एकदाच लिहायचा, त्याला ‘की’ द्यायची आणि सगळीकडे ती कीच वापरायची. पत्ता बदलला तर दुरुस्ती एकाच जागी. तेव्हापासून आमच्या सगळ्या लिंका एकजुटीनं मरतात.

परवा साहेब टेबलाशी आले.

“लिंका सगळ्या व्हॅलिड आहेत ना?”

“एकूण एक, सर.”

“एरर?”

“एकही नाही.”

“मग कस्टमर का ओरडतोय?”

“तो त्यांवर क्लिक करतोय, सर.”