हार्ड डिस्क बदलू इच्छिणाऱ्या गृहस्थांसाठी

डेस्कटॉप सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कपही विसळून होत असेल, तर प्रथम व्हायरसला दोष द्यावा. तशी प्रथा आहे. खरी गोम बहुधा हार्ड डिस्कमध्ये असते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर फाइल शोधायची, म्हणजे वेळ लागणारच. तिच्या जागी बसवायच्या एसएसडीत फिरणारे काहीच नसते. जुन्या बोर्डावरची साटा जोडणी निम्म्या वेगाची असली तरी फरक डोळ्यांना दिसतो.

आधी बॅकअप घ्यावा. ‘त्यात काय एवढं, काही होत नाही’ म्हणणारा भाचा प्रत्येक घरात असतो. त्याला या काळात बाहेरगावी पाठवावे. घरच्यांची संमती मिळणार नाही, तेव्हा दुपारी सगळे आडवे झाले की कामाला लागावे.

प्लग भिंतीतून काढावा. दसऱ्याला डब्यावर लावलेली हळदकुंकवाची बोटे पुसू नयेत, पुढे लागतील. आतली धूळ तोंडाने फुंकू नये. रंगवायचा कोरडा ब्रश पुरतो. पत्र्याला हात टेकवून अंगातली स्थिर वीज उतरवावी. हे थोतांड नव्हे.

आता केबल पाहावी. दोन इंच रुंद राखाडी पट्टा दिसला तर तो ४० पिनांचा आयडीई. तिथे मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण, हे एवढासा जंपर ठरवतो. घरात हा प्रश्न लग्नापासून प्रलंबित असल्यास यंत्रात हात घालू नये. एसएसडीचा नादही सोडावा. चिंचोळी साटा केबल निघाली तर भाग्य! डेटाच्या ७ पिना, पॉवरच्या १५. दोन्हींच्या तोंडाला खाच असल्याने उलटी बसत नाही. तरी प्रत्येक जण एकदा उलटी लावून पाहतोच.

अडीच इंची एसएसडी साडेतीन इंची खणात डुगडुगते. ब्रॅकेट घ्यावे, आणि क्लोनिंगसाठी, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवण्यासाठी, जादा साटा केबलही. एक स्क्रू हमखास मदरबोर्डवर पडतो. तो सापडेपर्यंत वीज जोडू नये, मग घरचे उठले तरी बेहत्तर.

क्लोनिंगचे सॉफ्टवेअर क्लोनझिला फुकट मिळते. कुठून कुठे, हे त्यात तीनदा वाचावे. दिशा चुकली, तर नव्या डिस्कचा कोरेपणा इमानेइतबारे जुनीवर उतरतो.

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. दुकानात भांडायला जाऊ नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

आणि एक विनंती: जुनी डिस्क महिनाभर तरी फॉरमॅट करू नका. मुंजीचे फोटो तिच्यातच असतात, ‘न्यू फोल्डर ३’ मध्ये.