पडद्यावरचा ऊस

‘जीटीए ६’ हा व्हिडिओ गेम आधी २०२५ मध्ये येणार होता, मग २६ मे २०२६ ला, मग १९ नोव्हेंबर २०२६ ला. दर आठवड्याला जगभरचे गेमर याच तारखेवर डोकं फोडतात. अंकुशनगरात, समर्थ साखर कारखान्याच्या परिसरात, या रडगाण्याचं काय अप्रूप? ऊसपट्ट्यातल्या माणसाला तोडीच्या तारखेनं केव्हाच तयार करून ठेवलंय.

इथल्या पोरांनी खरं तर ‘फार्मिंग सिम्युलेटर’ घ्यावा. २०१७ च्या प्लॅटिनम आवृत्तीत ऊसही आला. टोळी नाही, मुकादमाची उचल नाही. यंत्र फिरतं, ट्रॉली रिकामी होते आणि त्याच क्षणी पैसे जमा! आपल्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात पैसे देण्याची मुदत चौदा दिवसांची आहे, कागदावर. गेम बनवणारी कंपनी स्विस. सहकाराचा अनुभव नाही, हे लगेच कळतं.